हायड्रॉलिकचा स्नॅग पुन्हा पुन्हा येतोय: हवेत काय करायचं, जमिनीवर काय शोधायचं

एअरबस ए३२० विमानावर नव्याने आलेली मुलं-मुली हायड्रॉलिक फेल्युअरबद्दल पहिला प्रश्न ठरलेला विचारतात: "सर, ग्रीन गेली तर काय काय जातं?" ग्रीन, यलो आणि ब्लू ही तेलाच्या दाबावर चाकं, ब्रेक, फ्लॅप चालवणाऱ्या तीन हायड्रॉलिक सिस्टीमची नावं. यादी पाठ करायची घाई असते. मी त्यांना आधी दुसरा प्रश्न घ्यायला लावतो. ग्रीन का गेली? तेल गळलं, पंप बसला, तेल तापलं की टाकीतली हवा कमी झाली? कारण त्याच ग्रीन सिस्टीममध्ये एका बिघाडात पीटीयू (ग्रीन आणि यलोमध्ये ताकद पोचवणारं यंत्र) तुम्हाला वाचवतो आणि दुसऱ्यात तोच पीटीयू यलोही घालवून बसतो. आणि विमान उतरल्यावर हँगरमधल्या इंजिनिअरला हाच प्रश्न पडतो. त्याचं उत्तर न शोधता टाकी भरून विमान सोडलं, की चार दिवसांनी तोच स्नॅग, म्हणजे नोंदवलेला बिघाड, परत लॉगबुकात.

खालचं सगळं ए३२० धरून लिहिलंय, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त उडणाऱ्या विमानांत तेच आहे. प्रत्यक्षात मात्र तुमच्या विमानाचं ईसीएएम (बिघाड आणि उपाय दाखवणारा कॉकपिटमधला पडदा), क्यूआरएच (चेकलिस्टची छोटी पुस्तिका) आणि कंपनीचं मॅन्युअल सांगेल तेच अंतिम.

आधी मांडणी डोक्यात बसवा

तीन सिस्टीम आहेत: ग्रीन, ब्लू, यलो. तिन्हींचा दाब ३००० पीएसआय. ग्रीनला दाब देतो एक नंबर इंजिनावरचा पंप. यलोला दोन नंबर इंजिनावरचा पंप, शिवाय एक इलेक्ट्रिक पंप. ब्लूला इलेक्ट्रिक पंप, आणि अगदीच वेळ आली तर पोटाखालून बाहेर पडणारा रॅट, म्हणजे वाऱ्यावर फिरणारं छोटं टर्बाइन. रॅटवर ब्लूचा दाब २५०० पीएसआयच्या आसपास राहतो.

एका सिस्टीमचं तेल दुसऱ्या सिस्टीममध्ये कधीच जाता कामा नये, हा या रचनेचा पाया आहे. ग्रीन आणि यलोच्या मध्ये पीटीयू असतो. एकाच दांड्यावर बसवलेली दोन युनिटं. एक फिरलं की दुसरं फिरतं, ताकद इकडून तिकडे जाते, तेलाचा थेंबही जात नाही. दोन्ही सिस्टीमच्या दाबात ५०० पीएसआयहून जास्त फरक पडला की तो आपोआप सुरू होतो. एका इंजिनावर टॅक्सी करताना किंवा दुसरं इंजिन सुरू होताना केबिनच्या जमिनीखालून कुत्रं भुंकल्यासारखा जो आवाज येतो, तो याचाच. शेजारच्या सीटवरच्या काकू घाबरून बघायला लागल्या तर त्यांना खुशाल सांगा, हा बिघाड नाही.

चार दिवे, चार वेगळे आजार

ईसीएएमवर चाइम वाजला की पहिलं काम विमान उडवणं. टेकऑफनंतर ४०० फुटांच्या आत तर कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. ऑटोपायलट चालत असेल तर तो लावा, उंची आणि दिशा पक्की करा, कोण उडवतंय आणि कोण ईसीएएम वाचतंय ते तोंडाने ठरवा. एक हायड्रॉलिक सिस्टीम गेल्याने ए३२० हातातून जात नाही. पुढची दोन मिनिटं तुमचीच आहेत.

मग हायड्रॉलिकचं पान नीट बघा. नुसती वॉर्निंग वाचून पुढे जाऊ नका. त्या पानावर तिन्ही टाक्यांतली पातळी, पंपांची स्थिती आणि दाबाचे आकडे एकाच नजरेत दिसतात. दाब १४५० पीएसआयच्या खाली गेला की आकडा अंबर (पिवळट-नारिंगी) होतो.

टाकीची पातळी कमी, म्हणजे पडद्यावर आरएसव्हीआर (रिझर्व्हॉयर, टाकी) लो लेव्हल. तेल बाहेर गेलंय किंवा जातंय. पीटीयू बंद, त्या सिस्टीमचा पंप बंद. इथे पीटीयू का बंद करायचा हे ज्याला कळलं त्याला अर्धा विषय कळला. ग्रीनची टाकी रिकामी झाली की तिचा दाब पडतो. पीटीयूला दिसतो फक्त दाबातला फरक. तेल आहे की नाही हे त्याला कळत नाही. तो यलोच्या जोरावर ग्रीनची रिकामी बाजू फिरवत सुटतो. विहीर आटल्यावर चालू राहिलेल्या मोटरसारखी त्याची गत होते, आणि तापतं मात्र यलोचं तेल. थोड्याच वेळात यलो ओव्हरहीट. गळती एका सिस्टीममध्ये होती आणि हातून दोन गेल्या. म्हणून लो लेव्हलला पीटीयूचं बटण आधी.

दुसरा आजार पंपाचा. पातळी जागेवर, पण पंपाचा दाब नाही. तेल शाबूत असल्याने इथे पीटीयू हा मित्र आहे. पंप बंद करा, पीटीयू ऑटोवरच राहू द्या. ग्रीनला यलोकडून दाब मिळत राहील आणि गिअर, म्हणजे उतरायची चाकं, नेहमीसारखा खाली येईल. पाठ केलेली यादी इथे घात करते. "ग्रीनचा बिघाड म्हणजे पीटीयू बंद" असं ज्याच्या डोक्यात बसलंय, तो चांगली सिस्टीम स्वतःच्या हाताने मारतो. सिम्युलेटरमध्ये सगळ्यात जास्त वेळा याच जागी थांबवून समजवावं लागतं.

तिसरा, ओव्हरहीट. पंप आणि पीटीयू बंद, पण सिस्टीम मेली असं धरू नका. तापमान उतरून वॉर्निंग गेली की ईसीएएमच्या स्टेटस पानावर ती परत चालू करण्याची सूचना येते. त्यामुळे अप्रोच सुरू करण्याआधी स्टेटस पुन्हा वाचायचंच. अनेकदा लँडिंगसाठी ग्रीन परत मिळते आणि अर्धी कटकट संपते.

चौथा, टाकीतली हवा कमी. टाकीवर हवेचा दाब ठेवलेला असतो, म्हणजे पंपाला तेल सलग मिळतं. तो कमी झाला की पंपात पोकळी तयार होते आणि दाबाचा आकडा नाचायला लागतो. आकडा स्थिर असेल तर नुसतं लक्ष ठेवा. हेलकावे दिसू लागले तर पंप बंद.

कुठलंही बटण दाबताना बोट त्यावर ठेवा, नाव मोठ्याने वाचा, जोडीदाराने "चेक" म्हणू द्या, मग दाबा. वरच्या पॅनलवर ही बटणं एका ओळीत आहेत आणि गडबडीत शेजारचं दाबलं जातं. बंद केलेला पंप "बघू तरी" म्हणून परत चालू करायचा नाही. गळकी नळी ३००० पीएसआयवर उरलंसुरलं तेल फवाऱ्यासारखं उडवते, आणि ते तापलेल्या ब्रेकवर पडणं कुणालाच नको असतं. हे तेल फॉस्फेट एस्टरचं असतं, सहजासहजी पेट घेत नाही. पण पेटतच नाही असं मात्र नाही.

ग्रीन खरंच गेली: आता कुठे उतरायचं?

वैमानिकाचं खरं काम इथे सुरू होतं, आणि कुठलीही चेकलिस्ट हे तुमच्या वतीने ठरवत नाही.

ग्रीन गेली की गिअर हायड्रॉलिकने खाली येत नाही, गुरुत्वाने सोडावा लागतो. नॉर्मल ब्रेक आणि ऑटोब्रेक जातात. यलोवरचे पर्यायी ब्रेक राहतात, अँटीस्किडसकट (ब्रेक दाबताना चाकं घसरू न देणारी यंत्रणा). एक नंबर इंजिनाचा रिव्हर्सर (जोर उलटा फिरवून वेग कमी करणारी सोय) जातो. प्रत्येक पंखावरच्या पाच स्पॉयलरपैकी (पंखावर उभ्या राहणाऱ्या फळ्या) दोन जातात. फ्लॅप आणि स्लॅट, म्हणजे पंखाच्या मागच्या आणि पुढच्या कडेच्या पट्ट्या, चालतात, पण निम्म्या वेगाने, म्हणून अप्रोच लांबचा घ्यायचा. नाकाचं चाक वळवण्याची सोय तुमच्या विमानात कुठल्या सिस्टीमवर आहे ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. ती गेली असेल तर धावपट्टीवरून स्वतः बाहेर पडता येणार नाही, टो करावं लागेल.

आता पावसाळ्याची संध्याकाळ, विमान पुण्याला निघालंय आणि ग्रीन गेली. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास, वर ओली. ईएफबीवर (कॉकपिटमधल्या टॅबलेटवर) उतरायच्या अंतराचा आकडा कदाचित बसेलही. पण गिअरची दारं उघडी, चाक वळत नाही, विमान पट्टीवरच थांबणार आणि हवाई दलासकट सगळ्यांची पट्टी बंद होणार. मुंबईची ०९/२७ जवळपास साडेतीन किलोमीटर आहे, अग्निशमनाची आणि टो करण्याची सोय मोठी. तिथेही तुम्ही पट्टी अडवाल, शिवाय १४/३२ तिला छेदत असल्याने वाहतुकीचा बोजवारा उडेल. त्याची काळजी एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) करायची. तुमच्या मागे बसलेल्या दीड-पावणेदोनशे माणसांना लांब पट्टी हवी आहे. हवामान आणि इंधन साथ देत असेल तर मी मुंबई निवडेन.

एक गोष्ट नवीन लोकांच्या हमखास नजरेआड होते. गुरुत्वाने सोडलेला गिअर परत वर घेता येत नाही. गो-अराउंड करावा लागला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावं लागलं, आणि दुसऱ्या विमानतळाकडे वळायचं ठरलं, तर लटकत्या गिअरने आणि उघड्या दारांनी जावं लागेल, आणि इंधन भसाभस जळेल. म्हणून गिअर सोडण्याआधी इंधनाचा हिशोब संपलेला हवा: इथे उतरता आलं नाही तर कुठे, आणि गिअर खाली ठेवून तिथवर पोचतो का?

गिअर सोडण्याची कृती साधी आहे. मधल्या पेडेस्टलच्या मागच्या बाजूला घडी घातलेली मूठ असते. ती उलगडायची आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तीन पूर्ण फेरे द्यायचे, अडेपर्यंत. दुसऱ्या फेऱ्यानंतर हाताला जड लागतं म्हणून काही जण तिथेच थांबतात. थांबू नका. मग गिअरचा लिव्हर खाली, आणि तीन हिरवे त्रिकोण दिसेपर्यंत नजर हलवायची नाही.

एटीसीला "पॅन पॅन" (तातडीचा, पण मेडेपेक्षा खालचा इशारा) द्या आणि नेमकं काय हवं ते सांगा: लांब अप्रोच, पट्टीवर थांबणार, टो लागेल, अग्निशमनाने चाकांकडे बघावं, तेल गळतंय. आपल्याकडे यावर "लोकल स्टँडबाय" किंवा "फुल इमर्जन्सी" जाहीर होते. बातम्यांमध्ये हे शब्द भयंकर वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ इतकाच, की बंब आणि ॲम्ब्युलन्स किती आणि कुठे उभे राहायचे ते ठरलंय. केबिन क्रूला आधीच सांगून ठेवा, म्हणजे पट्टीवर थांबल्यावर खिडकीतून बंब बघून कुणी दार उघडायला धावणार नाही.

ब्लू एकटी गेली तर फार काही बिघडत नाही असं वाटतं. स्लॅट हळू, एक-एक स्पॉयलर कमी, बाकी ठीक. पण इमर्जन्सी जनरेटर ब्लूच्या दाबावरच फिरतो. त्यात गळती असेल तर वीज जाण्याच्या शेवटच्या प्रसंगासाठी ठेवलेला आधार तुम्ही आधीच गमावलेला आहे. त्या दिवशी मोठ्या ढगांना नेहमीपेक्षा लांबून वळसा घाला.

दोन गेल्या तर

ग्रीन आणि यलो दोन्ही गेल्या की लाल रंगात "लँड एएसएपी" येतं. ऑटोपायलट नाही, फ्लॅप नाहीत, रिव्हर्सर नाहीत, आडवा स्टॅबिलायझर होता तिथे अडकलेला. हातात ब्लू: एलेव्हेटर, एलेरॉन, रडर, स्लॅट आणि प्रत्येक पंखावर एक स्पॉयलर. विमान अल्टरनेट लॉमध्ये, म्हणजे संगणकाच्या कमी संरक्षणावर, असतं आणि गिअर खाली आला की डायरेक्ट लॉमध्ये, म्हणजे स्टिक थेट कंट्रोल हलवते त्या अवस्थेत, जातं. स्टिकची वागणूक त्या क्षणी बदलते. गिअर नेमका कधी सोडायचा हे चेकलिस्टमध्ये म्हणूनच मुद्दाम ठरवून दिलंय. तो क्रम आपल्या सोयीने पुढेमागे करायचा नाही.

ब्रेकसाठी उरतो ॲक्युम्युलेटर, म्हणजे दाबाखालचं तेल साठवणारी टाकी. त्यात सात वेळा पूर्ण ब्रेक दाबण्याइतका साठा असतो, पण अँटीस्किड नसतं. पाय मारत राहिलात तर साठा पट्टीच्या मध्यावरच संपेल. एकदाच दाबायचा, धरून ठेवायचा, ब्रेकच्या छोट्या गेजवर काटा १००० पीएसआयच्या वर जाऊ द्यायचा नाही.

तिन्ही जाण्याबद्दल विद्यार्थी विचारतातच. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत आयोवा राज्यातल्या स्यू सिटीला युनायटेडच्या डीसी-१० ची हीच गत झाली होती. शेपटीतल्या इंजिनाची फॅन डिस्क फुटली आणि तिच्या तुकड्यांनी शेपटीत जवळजवळ असलेल्या तिन्ही सिस्टीमच्या नळ्या कापल्या. कॅप्टन अल हेन्स, त्यांचा क्रू आणि प्रवासी म्हणून बसलेले ट्रेनिंग कॅप्टन डेनी फिच यांनी उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करून विमान धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. त्यानंतर डीसी-१० मध्ये हायड्रॉलिक फ्यूज बसले, म्हणजे नळी तुटली तरी सगळं तेल वाहून जाऊ नये. नळ्या एकमेकींपासून लांब का नेतात, याचं उत्तर हवं असेल तर त्या अपघाताचा अहवाल जरूर वाचा.

तिरुचिरापल्लीवरून एक गोष्ट

११ ऑक्टोबर २०२४ ला तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या ७३७ मध्ये टेकऑफनंतर हायड्रॉलिकचा बिघाड आला. विमान दोन तासांहून जास्त वेळ घिरट्या घालत राहिलं, सगळ्या वाहिन्यांवर दिसलं, आणि १४१ जण सुखरूप उतरले. तेव्हा कितीतरी लोकांनी विचारलं, इतका वेळ का लावला? ७३७ काय किंवा ए३२० काय, इंधन हवेत सोडून देण्याची सोयच नसते. ए३२० निओचं कमाल टेकऑफ वजन ७९ टन, लँडिंगचं ६७.४. मधलं वजन जाळूनच कमी करावं लागतं. आग असेल, धूर असेल तर जड विमान घेऊनही उतरतात. पण विमान नीट उडतंय आणि ब्रेक, रिव्हर्सर कमी पडणार आहेत, तर हलकं होऊन उतरणंच शहाणपणाचं. त्या दोन तासांत चेकलिस्ट दोनदा वाचून होते.

आता जमिनीवर: तोच स्नॅग परत का येतो?

लॉगबुकात सलग नोंदी दिसतात: "ग्रीन लो लेव्हल. टाकी भरली. चेक्ड अँड फाउंड सॅटिस." म्हणजे तपासलं, ठीक आढळलं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. तेल भरणं ही दुरुस्ती नव्हे. तेल गेलं कुठे हे लिहिलेलं नाही, तोवर स्नॅग उघडाच आहे.

सुरुवात पातळी खरी आहे का इथून करा. टाकीवर थेट वाचायचा मीटर असतो. तो आणि कॉकपिटमधला आकडा जुळतो का? जुळत नसेल तर ट्रान्समिटर किंवा त्याचा कनेक्टर बघा. मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या हवेत कनेक्टर गंजतात, कधी त्यात हायड्रॉलिकचं तेलच झिरपलेलं असतं. आणि मीटर वाचताना विमान कुठल्या स्थितीत आहे हे फार महत्त्वाचं. गिअरची दारं उघडी की बंद, स्पॉयलर वर की खाली, ॲक्युम्युलेटर भरलेला की रिकामा, तेल गरम की गार, प्रत्येक गोष्टीने पातळी बदलते. एएमएममध्ये (देखभालीच्या मॅन्युअलमध्ये) दिलेल्या स्थितीत आणल्याशिवाय वाचलेला आकडा म्हणजे अंदाजच. रात्री दारं उघडी असताना भरलेली टाकी सकाळी वेगळी दिसते आणि नसलेली गळती शोधण्यात एक शिफ्ट जाते.

मग तिन्ही टाक्या एकत्र बघा. ग्रीन कमी होतेय आणि यलो तेवढीच वाढतेय, असं असेल तर बाहेर टॉर्च घेऊन फिरण्यात अर्थ नाही. ब्रेकचा सिलेक्टर, पीटीयू अशा जागी दोन सिस्टीमचं तेल शेजारीशेजारी असतं. आतलं सील गेलं की ते एकीकडून दुसरीकडे सरकतं, जमिनीवर थेंबही पडत नाही. हे ओळखायला जुन्या नोंदींमधले फक्त ग्रीनचे नाही, तिन्हींचे आकडे हवेत. म्हणून ते दर वेळी लिहा.

बाहेरची गळती असेल तर आधी सगळं पुसून कोरडं करा. जुन्या जांभळट डागांवरून माग काढता येत नाही, कारण हवेच्या झोताने तेल मागे ओढलं जातं आणि डाग गळतीपासून हातभर लांब असतो. दाब देऊन पाच मिनिटं बघणंही पुरेसं नाही. काही सीलं फक्त हलताना गळतात. ब्रेक दाबा, चाक वळवा, फ्लॅप पूर्ण बाहेर काढून आत घ्या, आणि प्रत्येक वेळी गिअरवरच्या लवचिक नळ्या, त्यांचे जोड, दारांचे ॲक्च्युएटर आणि इंजिनावरचा पंप कोरड्या पांढऱ्या कापडाने पुसून बघा. कापडावर उमटतं ते डोळ्याला दिसत नाही. काही सीलं वर थंडीत कडक होऊन गळतात आणि खाली गरम हँगरमध्ये शहाण्यासारखी वागतात, तेव्हा लांबच्या फ्लाइटवरून विमान येताच, गार असतानाच, बघणी करा. किती थेंब चालतात याची मर्यादा एएमएममध्ये प्रत्येक भागासाठी वेगळी दिलेली आहे. हातमोजे आणि गॉगल घाला. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुवत राहायचं आणि थेट डॉक्टरकडे जायचं.

पातळी जागेवर आणि तरी ओव्हरहीट येतंय? मग आतली गळती. एखाद्या सर्व्होमधून (कंट्रोल हलवणाऱ्या ॲक्च्युएटरमधून) तेल दाबाच्या बाजूने परतीच्या बाजूला सतत निसटतं आणि तापतं. त्यासाठी ओव्हरहेड मेंटेनन्स पॅनलवर लीक मेझरमेंट व्हॉल्व्हची बटणं आहेत. मुख्य फ्लाइट कंट्रोलकडे जाणारा प्रवाह तोडून फरक मोजता येतो, आणि शोध अर्ध्यावर येतो. पंपावर संशय असेल तर केस ड्रेनचा (पंपाच्या आत झिरपलेलं तेल परत नेणाऱ्या नळीचा) फिल्टर काढा. त्यात धातूचे कण असतील तर नुसता पंप बदलून थांबू नका. ते कण पुढे किती गेले ते बघा, बाकीचे फिल्टर बदला, मॅन्युअल सांगेल तसं फ्लश करा, नाहीतर नवा पंप त्याच कणांनी मरेल. आणि दाब नाचत असेल, तर अलीकडे कुठला भाग बदलला होता ते विचारा. बदलल्यावर हवा नीट काढली नसेल, इतकंच असतं बऱ्याचदा.

तेलाचा नमुनाही तपासा. फॉस्फेट एस्टरमध्ये पाणी शिरलं की ॲसिड तयार होतं आणि सर्व्हो व्हॉल्व्हच्या बारीक कडा खाल्ल्या जातात. एकामागून एक वेगवेगळे भाग निकामी होत असतील तर सगळ्यांचं मूळ इथेच असू शकतं.

वैमानिकांनीही नोंद नीट लिहावी. "हायड्रॉलिक फेल" एवढ्यावरून इंजिनिअर काय शोधणार? वॉर्निंग कुठल्या क्रमाने आल्या, तेव्हा गिअर किंवा फ्लॅप हलत होते का, उंची किती, पातळी हळूहळू उतरली की झटक्यात, तिन्ही टाक्यांचे आकडे काय होते. पोस्ट फ्लाइट रिपोर्टमध्ये वेळा मिळतात, पण पातळी कशी उतरली हे फक्त तुम्ही पाहिलेलं असतं. भाग बदलून स्नॅग बंद केल्यावरही पुढच्या काही सेक्टरना (उड्डाणांना), दर वेळी एकाच स्थितीत, तिन्ही पातळ्या लिहून ठेवा. त्या हलल्या नाहीत तर बदललेला भाग बरोबर होता.